बोर्डासमोर मी नीट चालले

"ट्रान्सव्हर्स मायलायटिस," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या केसपेपरच्या पाठीमागं त्यांनी एक उभी रेघ काढली. "हा मज्जारज्जू. मेंदूचे सगळे निरोप यातूनच पायांकडं जातात." मग रेघेच्या मध्यावर पेन गिरवून गिरवून एक काळा ठिपका केला. "इथं सूज आहे."

माझे वडील, अप्पा, डॉक्टरांकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. आमच्या घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडं येतो, कारण इंग्रजी शाळेत मी एकटीच शिकले. एमआरआयचा रिपोर्टही मीच वाचला होता, लातूरच्या स्कॅन सेंटरच्या बाकावर बसून. "काय लिहिलंय?" अप्पांनी विचारलं. "थोडी सूज आहे म्हणे," मी सांगितलं. रिपोर्टमध्ये 'थोडी' असा शब्द कुठंच नव्हता.

हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते माझ्या याच सवयीमुळं झालं.

सुरुवात नांदेडला झाली. मी तिथं एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होते. एका सकाळी लॅबकडं जाताना मागून एका ज्युनिअरनं हाक मारली, "दीदी, तुमची चप्पल मागं राहिली." मी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी होता. डांबर तापलं होतं, आणि वीसेक पावलं मी तशीच चालले होते. मला काहीच कळलं नव्हतं.

मी हसले, चप्पल घातली आणि लॅबमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर तो पाय पायरीला अडकायला लागला. तिसऱ्या दिवशी कमरेखाली बधिरपणा आला आणि लघवी अडली. तरी मी कुणाला काही बोलले नाही. शेवटी रूममेटनं माझा फोन हिसकावून अप्पांना लावला. ते गाडी घेऊन आले आणि मला लातूरला घेऊन गेले. तुमच्यापैकी कुणाला असं काही जाणवलं तर दोन दिवस वाट बघू नका. मी तीन दिवस बघितली.

दवाखान्यात पाच दिवस सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं. हे सूज उतरवणारं स्टिरॉइड. तोंड कडू होतं आणि झोप उडते. त्याआधी लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या खालच्या भागात सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी तपासायला काढतात. त्याची मला जितकी भीती वाटली होती तितकं ते दुखलं नाही. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, मला जास्त लाज वाटली. भेटायला कुणी आलं की मी चादर ओढून ती पिशवी झाकायचे.

रोज राउंडला डॉक्टर माझे डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा हलवायचे. "वर की खाली?" मला काही कळायचं नाही. मी अंदाज करायचे. बऱ्याचदा बरोबर यायचा, आणि मला मनातून बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी ते थांबले. "तुम्ही अंदाजे सांगताय का?"

मी डोळे उघडले.

"ही परीक्षा नाही. कळत नाही तर कळत नाही म्हणा."

मी मान हलवली. पण ते काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी शाळेत नेहमी पहिल्या तिनात असायचे. कुणी प्रश्न विचारला की बरोबर उत्तर द्यायचं, एवढंच मला माहीत होतं.

हळूहळू पायात जीव आला. शेख मॅडम माझ्या फिजिओथेरपिस्ट. दोन समांतर दांड्यांच्या मधून त्यांनी मला चालायला शिकवलं. त्यांच्यापुढं लपवाछपवी चालायची नाही. "बेटा, तू पाय उचलून नै राहिली, कमर उचलून राहिली," त्या म्हणायच्या. "दुनियेला फसव. मला नको फसवू." मी कंबर उचलून पाय पुढं टाकायचे, म्हणजे लंगडणं दिसायचं नाही. पण शंभरएक पावलांत दम संपायचा.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की आता जे उरलंय ते बहुधा राहील. तीन गोष्टी उरल्या होत्या. पहिली फूट ड्रॉप, म्हणजे पावलाचा पुढचा भाग वर उचलला जात नाही आणि चालताना जमिनीला घासतो. त्यासाठी पोटरीपासून तळव्यापर्यंतचं पांढऱ्या प्लॅस्टिकचं स्प्लिंट मिळालं. दुसरा थकवा. सुरुवातीची पावलं ठीक पडतात, नंतर पाय आपला राहत नाही. तिसरी गोष्ट मी बरेच दिवस घरी नीट सांगितली नाही. तिला युरिनरी अर्जन्सी म्हणतात. लघवीला लागली की माझ्याकडं दोन-तीन मिनिटं असतात, त्याहून जास्त नाही.

एक वर्ष बुडालं होतं. दिवाळीनंतरच्या सत्रात हजर झाले नाही तर प्रवेश रद्द होणार होता. वॉर्डन मॅडमनी फोनवर नीट समजावलं. तळमजल्याची खोली मिळेल, आणि रिक्षा डिपार्टमेंटच्या दारापर्यंत न्यायचा पासही मिळेल. एरवी सगळ्यांची वाहनं गेटलाच थांबतात, आणि गेटपासून डिपार्टमेंट चांगलंच लांब आहे. "फक्त दिव्यांग प्रमाणपत्र आणा. चाळीस टक्के किंवा त्याच्या वर. नियमच आहे गं, मी काय करू?"

अप्पांनी त्याच संध्याकाळी माझ्याकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतला. आई नको म्हणाली नाही. "काढा की," म्हणाली, आणि पोळ्या लाटत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण देगलूरच्या लोकायला कळलं तर?"

आजारी पडण्याच्या आदल्या वर्षी देगलूरहून स्थळ आलं होतं. त्यांचंही आमच्यासारखंच कापडाचं दुकान. मुलाच्या मावशीनं चहा झाल्यावर सांगितलं, "चालून दाखव गं जरा." आमच्याकडं अजून असं करतात. स्वयंपाकघराच्या दारापासून दिवाणापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी चालले. त्यांना पसंत होतं. मग माझं आजारपण आलं आणि त्यांनी निरोप धाडला, पोरगी बरी झाली की बघू. आई त्या एका वाक्याला धरून बसली होती. मी तिला दोष देत नाही. मीही बसले होते.

"ते पांढरं घालून जाऊ नको," तपासणीची तारीख आली तेव्हा ती म्हणाली. "तिथं उदगीर, जळकोट, कुठकुठून लोक येतेत. कुणीबी वळखीचं निघतंय."

मग आठ दिवस आम्ही सराव केला. हे लिहितानाही मला विचित्र वाटतं. आई दिवाणावर बसायची, जिथं ती मावशी बसली होती तिथंच. मी स्प्लिंट न घालता स्वयंपाकघराच्या दारातून निघायचे. आठ पावलं जायचं, वळायचं, आठ पावलं यायचं. शेवटच्या दिवशी आईचे डोळे भरून आले. "बघ, कळतबी न्हाई," ती म्हणाली. आम्ही दाखला काढायला निघालो होतो, की दाखल्याची गरज नाही हे सिद्ध करायला, असा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

सरकारी दवाखान्यातलं, टक्के ठरवणारं बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर, एक टेबल आणि बाहेर व्हरांड्यात बाकांची रांग. आई घरीच थांबली होती. अप्पा आणि मी सकाळी जाऊन बसलो. माझ्या शेजारी शिरूर अनंतपाळच्या एक काकू होत्या. लहानपणीचा पोलिओ. गुडघ्यावर हात दाबून चालायच्या. जुना कागदी दाखला होता, तो देऊन नवीन कार्ड घ्यायला आल्या होत्या.

"तुला काय झालं गं?"

"पाय," मी म्हणाले.

"कुठला?"

मी डावा दाखवला. त्यांनी आधी पायाकडं आणि मग माझ्या नव्या सँडलकडं बघितलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

टेबलामागचे डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवा."

तेच शब्द. दारापासून टेबलापर्यंत आठच पावलं होती. मी आयुष्यात कधी चालले नसेन इतकी नीट चालले. पाऊल घासलं नाही. मान वर होती. मग त्यांनी पायाला हात लावून सांगितलं, "जोर लावा, माझा हात ढकला." मी दात आवळून ढकलला.

"अजून काही त्रास? लघवी वगैरे?"

तिघे पुरुष, आणि शेजारी अप्पा. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. त्याच्याखाली स्प्लिंट होतं.

"नाही," मी म्हणाले.

"छान. रिकव्हरी चांगली आहे."

"थँक्यू सर," मी म्हणाले, आणि खरोखर खूश होऊन बाहेर आले.

काकू माझी वाटच बघत होत्या. दार उघडं होतं, त्यांनी सगळं बघितलं होतं. "पोरी, आत काय करून आलीस तू? हितं काय पाहुणे बसलेत का, तशी चालायला?"

अप्पा हसले.

"हसू नका मालक," काकू म्हणाल्या. "ही येताना तीन पायऱ्या भिंत धरून चढली. म्या बघितलंय. मी आज गुडघ्यावरचा हात काढला असता तर मला बी म्हणले असते, जावा बाई घरी, तुम्हाला काय झालंय."

कार्ड आलं ते पांढऱ्या पट्टीचं. चाळीसच्या खाली असलं की पट्टी पांढरी असते. त्यावर तीस टक्के लिहिलं होतं. अप्पांनी ते देव्हाऱ्यात ठेवून हात जोडले. "तीस तर तीस. कार्ड हाय ना हातात? वॉर्डन मॅडमला जाऊन भेट, विनंती कर."

अप्पा सोबत येणार होते. मीच नको म्हटलं. एकटी जाऊन आले तर मॅडमना आणि मला दोघींनाही कळेल की मला जमतं, असं वाटलं होतं. लातूर-नांदेड एसटी. या वेळी सलवारीच्या आत स्प्लिंट घातलं होतं. पुढच्या दाराजवळच्या दिव्यांगांच्या सीटवर मी बसले. काही गावं गेल्यावर एक म्हातारे बाबा कुबडी घेऊन चढले. कंडक्टरनं माझं कार्ड मागितलं.

"ताई, यावर तीस हाय. चाळीस लागतंय. उठा, बाबाला बसू द्या."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी उठले. मागं एकही जागा नव्हती.

"चांगल्या धडधाकट पोरी बसतेत बघा, अपंगाच्या जागेवर," मागून एक बाई म्हणाली. हळू बोलली, पण ऐकू यावं इतपत.

सलवार चार बोटं वर केली असती तर सगळ्यांना स्प्लिंट दिसलं असतं. मी केली नाही. वरचा दांडा धरून उभी राहिले आणि मनात अहमदपूर किती राहिलं ते मोजू लागले. पाय जड होत गेला. मग ती तिसरी गोष्ट सुरू झाली. मी घड्याळाकडं बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा घड्याळाकडं बघितलं. खाली उतरवा म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते. स्वच्छतागृह स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला, वर दोन पायऱ्या. मी उतरले तेव्हा डावा पाय माझा नव्हता. कंबर उचलून, ओढून, जितकं जमेल तितकं चालले.

मी पोचले नाही. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

ओढणी कमरेला गुंडाळून मी भिंतीकडं पाठ करून उभी राहिले. गाडी निघून गेली. मी अप्पांना फोन केला आणि फक्त "अहमदपूर" एवढंच म्हणू शकले.

ते गाडी घेऊन आले. सीटवर घालायला त्यांनी दुकानातून एक चादर आणली होती. फोनवर मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी आणली होती. परतीच्या रस्त्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. रिपोर्टमधला न सांगितलेला भाग, अंगठ्याचे अंदाज, लघवीचं, सगळं. ते समोर रस्त्याकडं बघत राहिले. लातूर जवळ आल्यावर म्हणाले, "बोर्डात मला बाहेर थांबा म्हणायचंस ना गं. मी थांबलो असतो."

आईनं कपडे स्वतः धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर स्प्लिंट कपाटातून निघून दाराशी, माझ्या बुटांच्या शेजारी ठेवलेलं होतं.

आम्ही फेरतपासणीचा अर्ज केला. शेख मॅडमनी दोन पानांचं पत्र लिहून दिलं. किती पावलांनंतर काय होतं, ते सगळं मोजून. तारीख मिळेपर्यंतचे दिवस वाईट गेले. सत्र सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. शिवाय मला नवीनच भीती वाटायला लागली. डॉक्टरांना वाटलं की ही आता नाटक करतेय, तर? आधी नीट चाललेली मुलगी आता लंगडत आली, तर कोण विश्वास ठेवेल?

या वेळी आई सोबत आली. अप्पा मी काही न सांगताच व्हरांड्यातल्या बाकावर बसले. टेबलामागं तेच डॉक्टर होते. त्यांनी जुना कागद बघितला, भुवया उंचावल्या. "चालून दाखवा."

"सर, आठ पावलं मी नीट चालते. सराव केलाय. मला गेटपर्यंत जाऊन परत यायला सांगा, आणि मग बघा."

कुणी न विचारता मी कुणाला एवढं मोठं वाक्य बोलले, असं मला आठवत नाही. त्यांनी एका सिस्टरला माझ्यासोबत पाठवलं. गेटपर्यंत ठीक गेले. परत येताना पाऊल घासायला लागलं. तीन पायऱ्यांवर मी भिंत धरली आणि या वेळी ते लपवलं नाही. आत आल्यावर खुर्चीत बसून स्प्लिंट काढलं, तळवा दाखवला, पिशवीतून लघवीचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी सगळं वाचलं. "हे मागच्या वेळी का नाही दाखवलं?"

मागून आई बोलली.

"पाहुण्यापुढं चालायची सवय लावली हो तिला. माझी चूक हाय, डॉक्टर. तिची न्हाई."

डॉक्टरांनी रिपोर्ट फाइलला लावला. मग म्हणाले, "ताई, आम्हाला जे दिसतं तेच आम्ही लिहितो. तुम्ही झाकून ठेवलं तर ते आम्ही कुठून लिहायचं?"

नवीन कार्ड सत्र सुरू व्हायच्या चार दिवस आधी आलं. पिवळी पट्टी. पंचेचाळीस टक्के. मी ते हातात घेऊन रडले. टक्के वाढल्याचा आनंद कसा व्हावा, आणि नाही झाला तर दुसरं काय व्हावं, मला कळत नव्हतं. आईनं देगलूरला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तिकडून पुन्हा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझी बॅग भरली.

तुम्हाला कधी त्या बाकावर बसायची वेळ आली तर माझं एवढं ऐका. तुमचा चांगला दिवस बोर्डाला दाखवू नका. रोजचा दिवस दाखवा. जे सांगायची लाज वाटते त्याचा कागद सगळ्यात वर ठेवा. सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगायचं असेल तर सांगा, त्याला राग येत नाही. आणि जे वापरता ते, काठी असो की स्प्लिंट, घालून जा.

मी नांदेडला पुन्हा एसटीनंच गेले. अप्पा गाडीनं सोडतो म्हणत होते, पण ते अहमदपूर मला एकदा ओलांडायचं होतं. पुढच्या सीटवर बसले. कंडक्टरनं कार्ड बघून परत दिलं. पिवळ्या पट्टीनं सीट मिळते. स्वच्छतागृह जवळ येत नाही, पायऱ्या कमी होत नाहीत. ते मला माहीत होतं.

अहमदपूरला गाडी थांबली तशी मी कंडक्टरजवळ गेले. गाडीत माणसं होती. मागच्या वेळी माझा आवाज अशाच गाडीत आटला होता.

"दादा, माझ्या पायाला त्रास आहे. मला तिकडं टोकाला जाऊन यायला वेळ लागतो. थांबाल का?"

त्यानं पायाकडं बघितलं. सलवारीखालून स्प्लिंट दिसत होतं. "हाव, थांबतो की. निवांत जावा ताई. तुम्हाला सोडून गाडी न्हाई हलत."

मी उतरले. स्टँडवर ऊन होतं. टक, घसट, टक, घसट, असा माझ्या पावलांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. गाडीच्या खिडक्यांतून लोक बघत असणार. मी कंबर उचलली नाही. जसं चालता येतं तसं चालले. अर्ध्यात मागं वळून बघितलं, गाडी आहे का.

होती. मी पोचले.